नागपुरात पहिली नोकरी: पहिल्या वर्षी काय करायचं, कोणाला काय सांगायचं

मी एका कारखान्याच्या ऑफिसात पगारपत्रकं करते. दरवर्षी जून-जुलैत नव्या मुलामुलींची तुकडी येते. कोणी वणीचं, कोणी आरमोरीचं, कोणी साकोलीचं, एखादं पार परभणीकडचं. पहिला पगार झाला की त्यातली निम्मी तरी सॅलरी स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, "मॅडम, पगार कमी काहून आला?" कपातीचा हिशोब समजवायला दहा मिनिटं लागतात. पण त्या दहा मिनिटांत बाकीचं सगळं निघतं. खोलीचं, मेसचं, घरी पाठवायच्या पैशांचं, मित्राला दिलेल्या उसन्यांचं.

मीही २००४ साली वणीहून अशीच आले होते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला सारखी दिसत आली आहे. ही मुलं हिशोबात कच्ची नसतात. ती अडकतात न बोललेल्या गोष्टीपायी. घरी खरा पगार सांगितलेला नसतो, रूममेटशी लाइट बिलाचं ठरलेलं नसतं, मित्राला नाही म्हणता आलेलं नसतं, आणि दुखणं तर कोणालाच सांगितलेलं नसतं. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर काय करायचं, त्यासोबत कोणाला काय सांगायचं, तेही लिहिते आहे.

१. खोली पाहताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा

आधी नोकरीची जागा, मग खोली. नागपूर मेट्रोच्या दोन लाइनी आहेत. एक ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, दुसरी प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, मिळतात. मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात) काम असेल तर खापरीच्या लाइनीवर, हिंगणा एमआयडीसीत असेल तर लोकमान्य नगरच्या लाइनीवर कुठेही खोली घेतली तरी चालते. स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत असली म्हणजे झालं. बुटीबोरीला काम असेल तर कंपनीची बस कोणत्या चौकात थांबते ते पहिल्याच दिवशी विचारा आणि त्या चौकाजवळ पाहा. रोज पंचवीस-तीस किलोमीटर गाडीवर जाणं जुलैत सोपं वाटतं. मे महिन्यात नाही.

जुलैत खोली पाहताना हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी सांगते. सगळ्यांत वरचा मजला स्वस्त मिळतो, कारण उन्हाळ्यात स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत तापलेला असतो. वर टिनाचं छत असेल तर भाडं कितीही कमी असो, घेऊ नका. कूलर बसेल अशी खिडकी आहे का, खिडकीबाहेर स्टँड लावायला जागा आहे का, आणि हवा निघून जायला समोरच्या बाजूला दुसरी खिडकी किंवा दार आहे का, हे पाहा. नळाला पाणी किती वाजता येतं हे घरमालकाला न विचारता खालच्या भाडेकरूला विचारा.

विजेचं मीटर वेगळं आहे की सबमीटर, आणि सबमीटर असेल तर युनिटचा दर काय, हे डिपॉझिट देण्याआधी तोंडावर विचारायचं. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. साधारण अकरा महिन्यांचा करार होतो. डिपॉझिट किती दिलं आणि कधी परत मिळणार, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

रूममेटसोबत पहिल्याच रविवारी बसा. भाडं कोण भरणार, सिलिंडर कोणाच्या नावावर, पाहुणा किती दिवस राहू शकतो, कूलरचं बिल कसं वाटायचं. एका वहीच्या पानावर लिहा आणि त्या पानाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. जवळच्या मित्रासोबत राहणार असाल तर हे जास्तच गरजेचं आहे. अनोळखी माणसाला आपण बिल मागतो, मित्राला मागत नाही आणि मनात ठेवतो.

२. सॅलरी स्लिप ओळीओळीनं वाचा

एक उदाहरण घेऊ. एकूण पगार २०,००० रुपये, त्यात बेसिक ११,०००.

पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,३२० रुपये. तेवढेच मालकाकडूनही जमा होतात. त्यातले ९१६ पेन्शनच्या खात्यात आणि ४०४ तुमच्या पीएफमध्ये जातात. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. तुमचे ०.७५ टक्के, म्हणजे १५० रुपये. मालकाचे ३.२५ टक्के. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. मुलींना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. तर या उदाहरणातल्या मुलाच्या हातात येतात १८,३३० रुपये. वीस हजारांतले राहिलेले १,६७० गेले कुठे, ते आता तुम्हाला माहीत आहे.

पहिल्या महिन्यात दोन कामं उरकून टाका. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, घेऊन पीएफच्या साइटवर जा आणि तिथलं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहा. एका अक्षराचा फरक पुढे पैसे काढताना महिनोन् महिने फिरवतो. तिथेच नॉमिनीचं नाव भरा. नोकरी बदलली तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर नव्या खात्यात वळता करा. २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के होतं. पगारदार माणसाला एवढं सुरक्षित व्याज दुसरीकडे सहजी मिळत नाही.

आणि ईएसआयसीचं कार्ड. मुलं कपात पाहून नाराज होतात आणि कार्ड मात्र काढत नाहीत. या कार्डावर तुमचा आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांचा इलाज होतो. वर्गणीच्या ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसेही मिळतात. आईवडिलांचं नाव चढवता येतं का, ते एचआरला विचारा आणि कागद त्याच आठवड्यात द्या.

३. घरी हातात येणारा आकडा सांगा

हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

माझ्या नेमणूकपत्रावर ७,५०० लिहिलेलं होतं. बर्डीवरच्या एसटीडी बूथमध्ये उभं राहून मी बाबांना फोन लावला. समोरच्या मशीनवर लाल आकडे पळत होते, म्हणून घाईनं सांगितलं, "साडेसात हजार, बाबा." बाबा एवढे खूश झाले की मागून आईला ओरडून सांगितल्याचं मला ऐकू आलं. महिना संपल्यावर हातात आले ५,९००. तोवर बाबांनी धाकट्या भावाचं अमरावतीच्या हॉस्टेलमध्ये नाव घालून टाकलं होतं आणि महिना साडेतीन हजार मी देणार असं ठरलंही होतं.

"बाबा, हातात पाच हजार नऊशेच येतात." एवढं एकच वाक्य होतं. ते मी सात महिने बोलले नाही. वाटायचं, ते म्हणतील आधी खोटं बोलली. उरलेल्या २,४०० मध्ये खोली, ऑटो आणि जेवण बसवायचं होतं. मी मेसचा एकच डबा लावला. अर्धा दुपारी खायचे, अर्धा रात्री. सकाळी चहा. सातव्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.२ निघालं. बाबा पहिल्या एसटीनं आले. खाटेजवळ बसून सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "सांगायचं होतं ना बाई. त्याची फी मी कुठूनही केली असती."

तर पहिल्या पगारानंतरच्या फोनमध्ये तीन आकडे सांगा. हातात किती आले. इथे जगायला किती लागतात. घरी दरमहा किती आणि कोणत्या तारखेला पाठवाल. ही तिसरी रक्कम तुम्हाला सहज झेपेल त्यापेक्षा थोडी कमीच ठेवा, कारण पाठवायचं थांबवणं फार जड जातं आणि वाढवणं सोपं असतं. बोलायचं कसं, तर साधं: "आई, हातात अठरा येतात. खोली-मेस-जाणंयेणं मिळून नऊ-साडेनऊ जातात. मी दर पाच तारखेला चार हजार पाठवीन. काही अडलं तर आधी मला सांगा, मग आपण मिळून पाहू." वडिलांना हे बोलणं अवघड जात असेल तर आईला सांगा, मोठ्या बहिणीला सांगा, पण घरातल्या एका माणसाला तरी खरा आकडा माहीत पाहिजे.

तुमच्यावर घराचं कर्ज असेल, शेतीचं असेल, तरीही हेच करा. घरातल्या मोठ्यांनी आयुष्यभर तुटपुंज्या पैशात संसार केला आहे. खरा आकडा सांगितला तर त्यांना मार्ग काढता येतो.

४. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे वाटून टाका

वरच्याच १८,३३० चं पाहू. दोघांत घेतलेल्या खोलीचे ४,५००, मेस ३,२००, जाणंयेणं १,२००, फोन ३००, घरी ४,०००, बचत २,५००. उरले २,६३०. कपडे, वाढदिवस, औषध, रविवारचं सावजी, सगळं याच्यात. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा. घरचे आणि बचतीचे आधी बाजूला निघाले पाहिजेत, आणि तेही आपोआप. बँकेत आरडी उघडा आणि पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख द्या.

पहिलं उद्दिष्ट तीन महिन्यांचा खर्च साठवणं. वरच्या उदाहरणात खर्च आणि घरचे मिळून महिन्याला १३,२०० होतात, तीन महिन्यांचे ३९,६००. महिना २,५०० नं सोळा महिने लागतात. तेवढे होईपर्यंत शेअर, म्युच्युअल फंड, कोणाचा धंदा, काहीही नको.

बँकेत दोन छोटे विमे मिळतात ते आजच घ्या. अपघाताचा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा आणि जीवनाचा ४३६ रुपयांत दोन लाखांचा. दोन्हींचे पैसे मे अखेरीस खात्यातून कापले जातात. त्या आठवड्यात खातं रिकामं असलं तर विमा बंद पडतो. आणि विमा काढला आहे हे नॉमिनीला सांगा. आईला ठाऊकच नसेल तर त्या दोन लाखांचा उपयोग काय?

क्रेडिट कार्ड घेतलंच तर बिल पूर्ण भरा. 'किमान रक्कम' भरत राहिलात तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. गावातल्या सावकाराला आपण नावं ठेवायचो, हाही दर काही हलका नाही.

५. उसने, जामीन, भिशी आणि प्लॉट

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ही चार बोलावणी येतात.

उसने मागणाऱ्याला द्यायचेच असतील तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्या आणि तसं बोला: "पाच हजार माझ्याच्यानं होत नाहीत. हे एक हजार घे, परत नको करू." मैत्री टिकते, रात्रीची झोप टिकते. मित्र रागावला तर चार दिवस रागावतो.

जामीनदार म्हणून सही करायला एखादा सीनियर सांगेल. "फक्त नावाला पाहिजे" असं म्हणेल. ते फक्त नावाला नसतं. कर्जदारानं हप्ते थकवले तर कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि पगारातून कपातीचं पत्र शेवटी आमच्या टेबलावर येतं. अशी पत्रं मी हातात घेतली आहेत. पहिली पाच वर्षं कोणाच्याही कर्जावर सही करू नका. सरळ सांगा, "घरी विचारल्याशिवाय मी सही करत नाही," आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की विचारलं तर नाही म्हणा.

ऑफिसातली भिशी ओळखीच्या दहा जणांत असेल आणि रक्कम लहान असेल तर एक वेळ चालते. मोठ्या व्याजाचं आमिष दाखवणारी पतसंस्था मात्र वेगळी गोष्ट. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. दोन्ही पाट्या दुरून सारख्याच दिसतात.

आता प्लॉट. नागपूरकराच्या तोंडी बचत म्हणजे प्लॉट. आत्या म्हणेल, मामा म्हणेल, ऑफिसातले काका म्हणतील, "उमरेड रोडले एक प्लॉट टाकून ठेव, पाच वर्षांत दुप्पट." ते मनापासून सांगतात, त्यांच्या पिढीत काहींचं तसं झालंही आहे. पण याच शहरात हजारो कुटुंबांनी अनधिकृत लेआऊटमध्ये प्लॉट घेतले आणि नियमित करून मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) चकरा मारल्या. '५७२ लेआऊट', '१९०० लेआऊट' हे शब्द त्यातूनच आले. त्यामुळे कोणी नकाशा पुढे पसरला, की मौजा (महसुली गाव) आणि खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) लिहून घ्या. सातबारा काढा. जमीन अकृषक झाली आहे का, लेआऊट एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा एनआयटीनं मंजूर केला आहे का, जुना लेआऊट असेल तर प्लॉटचं आरएल (नियमित केल्याचं पत्र) झालं आहे का, नवा असेल तर महारेराचा नंबर आहे का, हे विचारा. "होऊन जाईल" हे उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. कच्च्या पावतीवर हप्ते भरू नका. आणि हे सगळं नीट असलं तरी पहिल्या वर्षी बुकिंग नकोच. आत्याला सांगा, "आत्या, तीन महिन्यांचा खर्च जमू दे, मग तूच चल पाहायला."

ऑनलाइन फसवणूक झाली तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच असते.

६. रविवारची संध्याकाळ

सोमवार ते शनिवार निघून जातो. रविवारी चार वाजता रूममेट बाहेर गेलेला असतो, मेस बंद असते आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा असतो. नवी मुलं इथे खचतात. याला उपाय एकच, रविवारचं काहीतरी ठरलेलं पाहिजे. सकाळी तर्री पोहे आणि संध्याकाळी अंबाझरी किंवा फुटाळ्याला एक चक्कर, एवढंही पुरतं. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था. तिथे कार्यक्रम होतात, मेट्रो दारापर्यंत नेते. आठवड्यातून दोन संध्याकाळी टॅली, एक्सेल, इंग्रजी, वेल्डिंगचा पुढचा कोर्स, जे तुमच्या कामाचं असेल ते लावा. नोकरीत पुढे जाणं त्यानं होतंच, आणि चार नवी माणसं भेटतात.

घरी फोन रोज करा, पण आठवड्यातून एकदा तरी "जेवली का" याच्या पुढचं बोला. मन फारच बसत असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात.

७. उन्हाळा

मार्चच्या मध्यापासून तयारी करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. रस्त्यावर बारा ते चार शुकशुकाट दिसतो तो उगाच नाही.

बाहेर निघताना डोकं, कान आणि मान सुती दुपट्ट्यानं गच्च बांधा. मुलगे सुरुवातीला लाजतात. इथे सगळेच बांधतात. खिशात कांदा ठेवायला घरून सांगतील. ठेवा, आईचं मन राहतं, पण उन्हापासून वाचवतं ते पाणी आणि कापडच. तहान लागायची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतं आहे. ताक, पन्हं चांगलं. घरच्या घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रिकाम्या पोटी गाडीवर निघू नका. मला चक्कर आली तेव्हा मार्च उजाडलाच होता, मे असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

सोबतचं कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून लालबुंद झालं, तोल जायला लागला, तर ते नुसतं थकणं नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

कूलरचं वेगळं सांगते, कारण दर उन्हाळ्यात या शहरात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन बोर्डातून काढायची. पायात चप्पल हवी, हात कोरडे. जुना लोखंडी कूलर घेतला असेल तर वीस मिनिटांच्या कामासाठी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. खोली बंद करून कूलर लावला की दमट होतं, समोरची खिडकी उघडी ठेवा. दोनशे वॉटचा कूलर रात्री दहा तास चालला तर दोन युनिट लागतात, महिन्याला साठ. दोघांत वाटून घ्यायला कठीण नाही.

जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद होतो आणि टाकीत वीतभर पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. सीझन संपला की कोरडी करून झाकून ठेवा.

८. लग्नाचं बोलणं निघण्याआधी एक तपासणी

वर्ष झालं, नोकरी पक्की झाली, की घरून स्थळं यायला लागतात. किंवा तुमचं तुम्ही कोणाशी ठरवलेलं असतं. त्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. आपल्या पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात, हा आजार मोठ्या प्रमाणात आहे आणि अंगावर काही दिसत नाही म्हणून माणसं तपासत नाहीत.

आजार रक्ताचा आणि आनुवंशिक. प्रत्येकाला हिमोग्लोबिनचं एक जनुक आईकडून येतं, एक वडिलांकडून. दोन्ही नीट असली तर रिपोर्टवर 'एए'. एक बिघडलेलं असेल तर 'एएस', त्याला वाहक म्हणतात. वाहकाला आजार नसतो, औषध लागत नाही, तो सगळी कामं करतो. दोन्ही बिघडलेली असतील तर 'एसएस', म्हणजे आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असह्य दुखतात, कावीळ होते, रक्त कमी पडतं. एए आणि एएस यांच्या मुलांना हा आजार होत नाही, मूल वाहक निघण्याची शक्यता निम्मी असते. दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, निरोगी २५ टक्के. पहिलं मूल चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

तपासणी सोपी आहे. आधी थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करतात, आणि एएस की एसएस हे त्यातच कळतं. म्हणून पहिल्या चाचणीवर घाबरू नका आणि तिथेच थांबूही नका. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, इथे असाल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत जा.

तुम्ही स्वतः एसएस असाल तर वरचा उन्हाळ्याचा भाग दोनदा वाचा. पाणी कमी पडलं, कडक ऊन किंवा कडाक्याची थंडी लागली की दुखणं उठतं. औषध चुकवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र काढता येतं. सुपरवायझरला आधीच सांगून ठेवा, दुखणं उठल्यावर सांगत बसण्याची ताकद नसते.

२००५ मध्ये माझं रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी ही चाचणीही केली. रक्त कमी झालं होतं ते उपाशी राहून, पण त्याच निमित्तानं मी एएस आहे हे कळलं. २००९ मध्ये पाहुणे घरी आले. बाबा आदल्या रात्री म्हणाले होते, "ते कशाला काढायचं आताच? आजार थोडीच आहे." मला जिना आठवला. चहाचे कप वाटून झाल्यावर मी खाली बसले आणि म्हटलं, "माझी सिकलसेलची तपासणी झाली आहे. मी वाहक आहे, मला त्रास काही नाही. यांचीही करून घ्या, मग पुढचं बोलू." मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग मुलानंच विचारलं, "ही तपासणी कुठे करतात?" पुढच्या आठवड्यात ते मेडिकलला जाऊन आले. त्यांचा रिपोर्ट एए निघाला.

दोघंही वाहक निघाले असते तर? लग्न तरीही करता येतं. तेव्हा गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावं लागतं. निर्णय दोघांचा आणि दोघांनी आधी बोलून घेतलेला हवा. मात्र वाहक आहे म्हणून कोणी मुलीला नाकारत असेल आणि मुलाची तपासणीच करत नसेल, तर त्या घरच्यांना वरचा हिशोब समजावून सांगा. दोघांच्या रिपोर्टांशिवाय तो हिशोब मांडताच येत नाही.

रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि मूळ कागद फाइलमध्ये, जिथे नेमणूकपत्र आणि भाडेकरार आहे तिथेच. माझ्या मुलीची तपासणी ती पाचवीत असताना केली. तिचा कागद माझ्या कागदाच्या मागे लावला आहे. तीही एएस आहे, आणि तिला ते माहीत आहे.